गुडघेदुखी: उपाय ठाऊक असतात, क्रम चुकतो

गुडघे दुखू लागले की बहुतेक घरांत उपाय साधारण एकाच क्रमाने होतात: आधी तेलाची मालिश, मग औषधाच्या दुकानातून विचारून आणलेली गोळी, मग गुडघ्याचा पट्टा, मग शेजाऱ्यांनी सुचवलेल्या कॅप्सूल, आणि या सगळ्याच्या जोडीला ‘आता फार चालू नका’ अशी सक्तीची विश्रांती. मांडीच्या स्नायूंचा व्यायाम हा या दुखण्यावरचा मुख्य उपचार आहे. पण तो या यादीत सर्वांत शेवटी येतो आणि दुखणे थोडे उतरले की सर्वांत आधी बंद पडतो.

खालील क्रम पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि गुडघ्याची झीज झालेल्या, किंवा तशी शंका असलेल्या व्यक्तींसाठी आहे. कालावधी १२ आठवड्यांचा धरला आहे. स्नायूंची ताकद वाढून तिचा फरक चालण्यात जाणवायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पुष्कळ जण तिसऱ्याच आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडून देतात.

टप्पा १: दुखणे झिजेचेच आहे का, हे आधी ठरवावे

आपल्याकडे कोणत्याही सांधेदुखीला सरसकट ‘संधिवात’ म्हणतात आणि पुढची अर्धी गडबड तिथेच होते. झीज, आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस), गाउट (सांध्यात युरिक अॅसिड साचून होणारे दुखणे) आणि चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी या चार वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एकीचा उपाय दुसरीला लागू पडत नाही.

पहिली खूण घड्याळात सापडते. सकाळी जाग आल्यापासून गुडघा मोकळा होईपर्यंत किती मिनिटे लागतात, हे सलग चार दिवस पाहावे. झिजेच्या दुखण्यात हा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो, आणि दुखणे चालल्याने, जिन्याने किंवा खाली बसून उठल्याने वाढते व बसल्यावर कमी होते. पंचेचाळिशीनंतर ही दोन्ही लक्षणे स्पष्ट असतील, तर झिजेचे निदान बहुतेक वेळा तपासणीवरूनच करता येते.

ताठरपणा तासभर टिकत असेल, दोन्ही हातांच्या बोटांची मुळे आणि मनगटे सुजत असतील, सकाळी मूठ वळत नसेल किंवा दुधाची पिशवी कापायला कात्री धरवत नसेल, तर आमवाताची शंका घ्यावी आणि संधिवाततज्ज्ञांना लवकर दाखवावे. आमवातात औषध सुरू व्हायला जितका उशीर होतो तितके सांधे कायमचे वाकडे होण्याची भीती वाढते. तिथे व्यायामावर विसंबून महिने घालवणे चूक ठरते.

रात्रीतून अचानक एकच सांधा, विशेषतः पायाच्या अंगठ्याचे मूळ, लाल होऊन ठणकू लागला आणि त्यावर चादरीचा स्पर्शही सहन होईना, तर ते गाउटचे चित्र असते. मात्र रक्तातील युरिक अॅसिड वाढलेले आहे एवढ्यावरून गुडघेदुखीला गाउट म्हणू नये. पुष्कळांचे युरिक अॅसिड वाढलेले असूनही त्यांना गाउट कधीच होत नाही, तर ऐन झटक्याच्या दिवशी ते सामान्यही निघू शकते.

तापानंतर सगळेच सांधे धरले असतील, तर चिकुनगुन्याचा विचार करावा लागतो. हे दुखणे काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत रेंगाळू शकते.

आणखी एक फसवे दुखणे खुब्याचे असते. खुब्याचा सांधा बिघडला तरी कळ गुडघ्यात जाणवू शकते. मोजा घालताना किंवा मांडी घालताना जांघेत कळ येत असेल, तर गुडघ्याबरोबर खुबाही तपासून घ्यावा.

*सावधान: अंगात ताप असताना, डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा अॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नये, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. अॅस्पिरिन हृदयासाठी कायमची चालू असेल, तर ती आपल्या मनाने थांबवू नये, डॉक्टरांना विचारावे.*

*त्याच दिवशी डॉक्टर गाठावा: गुडघा गरम, लाल व सुजलेला असून सोबत ताप आहे; पडल्यानंतर त्या पायावर चार पावलेही टाकवत नाहीत; गुडघा मध्येच अडकून सरळ होईनासा झाला आहे; एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखते आहे. यांपैकी काहीही असेल तर पुढचे टप्पे वाचत बसू नये.*

टप्पा २: सुरुवातीची मोजमापे लिहून ठेवावीत

हा टप्पा जवळजवळ प्रत्येक जण वगळतो. सहा आठवड्यांनी ‘फरक पडला का’ असे विचारले की माणूस त्या दिवशीच्या दुखण्यावरून उत्तर देतो, आणि दिवस वाईट असेल तर सगळाच प्रयत्न वाया गेल्यासारखा वाटतो. एक साधी वही घ्यावी आणि पहिल्या पानावर चार गोष्टी लिहाव्यात.

एक, दुखणे शून्य ते दहापैकी किती, आणि न थांबता किती मिनिटे चालता येते. दोन, वजन. तीन, खुर्चीची चाचणी: सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी, हात छातीवर घडी घालून बसावे आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते कोणाला तरी मोजायला सांगावे. ६० ते ६४ या वयात स्त्रियांना १२ आणि पुरुषांना १४ पेक्षा कमी वेळा, तर ७० ते ७४ या वयात स्त्रियांना १० आणि पुरुषांना १२ पेक्षा कमी वेळा जमत असेल, तर पायांची ताकद सरासरीहून कमी आहे असे समजतात. हातांचा आधार घ्यावा लागला तर आकडा शून्य लिहावा. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही.

चौथे मोजमाप पलंगावर घ्यायचे. पाय पसरून बसावे, मांडी ढिली सोडावी आणि गुडघ्याखाली आडवा हात सरकवून पाहावा. दुखऱ्या गुडघ्याखाली किती बोटे सहज जातात आणि चांगल्या गुडघ्याखाली किती, हा फरक नोंदवावा. पूर्ण सरळ न होणारा गुडघा प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूंना जास्त राबवतो, म्हणून ही दोन-तीन बोटांची जागा महत्त्वाची आहे. माझ्या आईने जवळजवळ वर्षभर रात्री गुडघ्याखाली उशी घेतली, कारण तसे झोपल्याने बरे वाटे. तिच्या गुडघ्याखाली तीन बोटे आरामात जात होती आणि चालताना ती त्या पायाने किंचित बसल्यासारखी चाले, हे आमच्या कोणाच्याच लक्षात आले नव्हते. उशी काढल्यावर पहिल्या काही रात्री तिने कुरकुर केली. बाकीचे काम चौथ्या आठवड्यापर्यंत व्यायामाने केले.

*तपासणी: चारही आकडे तारखेसह लिहिले आहेत का? चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावे, रक्तदाब व मधुमेहाच्या गोळ्यांसह, त्याच पानावर असावीत. पुढच्या टप्प्यात ती लागतील.*

टप्पा ३: डॉक्टरांकडे जाताना

एक्स-रे काढायचाच असेल तर तो उभे राहून, पायांवर भार देऊन काढलेला असावा. झोपून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातील फट आहे त्याहून मोठी दिसते आणि झीज लपते. एमआरआयची गरज प्रत्येकाला नसते. पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या गुडघ्यांतही एमआरआयमध्ये सांध्यातील गादीला (मेनिस्कसला) चीर दिसू शकते, आणि ती पाहून माणूस उगाच घाबरतो.

अहवालातील ‘ग्रेड तीन’, ‘ग्रेड चार’ या शब्दांचाही असाच धसका घेतला जातो. एक्स-रेवरील झीज आणि प्रत्यक्ष दुखणे यांचे प्रमाण जुळतेच असे नाही. उठताबसता येणारा कटकट आवाज, दुखत नसेल आणि सूज नसेल तर, सोडून द्यावा. ‘वंगण संपले आहे’ हे वाक्य तर दवाखान्यापेक्षा जाहिरातींतच जास्त ऐकू येते. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात. भार पडला की स्पंजासारखी ती दबते, भार उतरला की सांध्यातील द्रव शोषून घेते आणि त्यावरच तिचे पोषण होते. गुडघा हलता ठेवायचा तो याचसाठी.

आरए फॅक्टरची, म्हणजे आमवातासाठीची रक्ततपासणी आमवाताची लक्षणे असतील तरच करावी. ती निरोगी माणसातही होकारार्थी येऊ शकते आणि आमवात असलेल्यात नकारार्थी.

टप्पा ४: दुखणे उतरवावे, व्यायाम सुरू करता येईल इतकेच

पहिल्या दोन आठवड्यांचे उद्दिष्ट मर्यादित ठेवावे. दुखणे शून्यावर आणायचे नाही. दहापैकी सात असेल तर चारवर आले तरी पुढे जाता येते.

शेक कोणता, हा वाद सूज पाहून मिटतो. गुडघा सुजून गरम लागत असेल, तर कापडात गुंडाळलेला बर्फ १० ते १५ मिनिटे ठेवावा. सूज नसून नुसता ताठरपणा असेल, तर गरम पाण्याची पिशवी १५ ते २० मिनिटे ठेवावी, आणि तीही व्यायामाच्या आधी, म्हणजे शेकाने आलेला मोकळेपणा वाया जात नाही. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी पिशवीचा ताप दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावा. अशा पायावर फोड येईपर्यंत चटका कळत नाही.

औषधांत आधी डायक्लोफेनॅकचे जेल, मग पोटात घ्यायच्या गोळ्या, हा क्रम ठेवावा. गुडघा त्वचेच्या जवळ असल्याने जेलचा चांगला उपयोग होतो आणि पोट व मूत्रपिंडे यांना त्रास कमी होतो. दिवसातून एकदा रात्री लावून ते काम करत नाही. वेष्टनावरील सूचनेप्रमाणे ठरावीक वेळा, सलग दोन आठवडे लावावे. जेल लावून वर गरम शेक घेऊ नये.

गोळ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत जोडगोळ्यांमुळे होते. दुखण्याच्या अनेक गोळ्यांत आधीच पॅरासिटामॉल मिसळलेले असते. ती गोळी, वर तापाची गोळी आणि सर्दीची गोळी घेतली की एकच औषध तीन नावांनी पोटात जाते आणि यकृतावर ताण येतो. दिवसभरात सगळे मिळून ते तीन ग्रॅमच्या आत ठेवावे, आणि यकृताचा आजार, कमी वजन किंवा रोजचे मद्यपान असेल तर त्याहूनही कमी, डॉक्टरांना विचारून. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक या गटातील गोळ्या रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा आजार, जठरातील व्रण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असलेल्यांनी स्वतःच्या मनाने एक दिवसही घेऊ नयेत.

ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची कॅप्सूल बहुधा आठवड्यातून एकदा, ठरावीक आठवडे घ्यायची असते. ती रोज घेणारे लोक मी पाहिले आहेत. रक्तातील कॅल्शियम वाढून उलट्या, भ्रम आणि मूत्रपिंडाला इजा इथपर्यंत हे प्रकरण जाऊ शकते. ग्लुकोसामाइनवर पैसे खर्च करण्याइतका ठोस पुरावा नाही.

*सावधान: वेष्टनावर घटकांची नावे नसलेली ‘गुडघ्याची पुडी’ घेऊ नये. दोन दिवसांत चमत्कारासारखा गुण आला, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी असते. अशी पुडी कित्येक महिने चालू असेल तर तीही एकदम बंद करू नये. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे, कारण दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवणे जिवावर बेतू शकते.*

टप्पा ५: घरातील भार कमी करावा

गुडघा जितका जास्त वाकतो तितका वाटीच्या मागचा दाब वाढतो. म्हणून पहिले १२ आठवडे खोल वाकणे टाळायचे. चालणे टाळायचे नाही. विळीऐवजी ओट्यावर सुरी, उकिडवे बसून फरशी पुसण्याऐवजी दांड्याचा मॉप, पूजेला पाटाऐवजी स्टूल, आणि बैठ्या संडासावर ठेवायची घडीची कमोड खुर्ची, एवढ्या बदलांनी दिवसातील बरेचसे खोल वाकणे टळते. ‘वज्रासनाने गुडघे सुटतात’ या समजुतीने दुखऱ्या गुडघ्यावर बसण्याचा हट्ट या काळात करू नये. ज्यांना ते पूर्वी सुखाने जमत होते, त्यांनी बाराव्या आठवड्यानंतर पुन्हा करून पाहावे.

काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी. दहापैकी आठ जण ती दुखऱ्या बाजूलाच धरतात, असा माझा बसस्टॉपवर उभे राहून केलेला अंदाज आहे. पायांत चप्पल घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यावी. जिना चढताना आधी चांगला पाय वर टाकावा आणि उतरताना आधी काठी व दुखरा पाय खाली टाकावा.

पट्टा चालताना धीर देतो, म्हणून बाजारात जाताना जरूर वापरावा. घरात बसताना आणि झोपताना काढून ठेवावा.

टप्पा ६: व्यायाम

गुडघ्यात सूज आणि वेदना असली की शरीर मांडीच्या पुढच्या स्नायूला आपोआप ढिले सोडते. स्नायू ढिला पडला की सांध्यावरचा धक्का वाढतो आणि दुखणे आणखी वाढते. ही साखळी गोळीने तुटत नाही. आधी स्नायूला पुन्हा जागे करायचे, मग त्याच्यावर शरीराचा भार द्यायचा आणि शेवटी जिना, असा क्रम आहे.

*आठवडा १ व २, पलंगावर.* गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो गादीत दाबावा, पाच अंक मोजावेत, सोडावे. हात मांडीवर ठेवून पाहावा: वाटीच्या वरच्या आतल्या बाजूचा स्नायू कडक झाला तर व्यायाम बरोबर होतो आहे, नुसते नितंब आवळले जात असतील तर नाही. दुसरा व्यायाम पाय उचलण्याचा. उताणे झोपून चांगला गुडघा वाकवून ठेवावा, दुखरा पाय आधी ताठ करावा आणि मगच दुसऱ्या गुडघ्याच्या उंचीपर्यंत उचलावा, पाच अंक मोजून सावकाश खाली आणावा. पाय धपकन टाकणे आणि श्वास रोखून धरणे या इथल्या दोन नेहमीच्या चुका; अंक मोठ्याने मोजले की श्वास रोखला जात नाही, आणि रक्तदाब असलेल्यांनी ते आवर्जून करावे. तिसरा व्यायाम कुशीवर झोपून वरचा पाय सरळ बाजूला उचलण्याचा. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही पायांनी करावा.

*आठवडा ३ ते ६, खुर्चीवर.* भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर गोधडीची चौपदरी घडी घालावी, म्हणजे बैठक उंच होते. पावले खांद्यांइतकी रुंद, टाचा किंचित मागे, नाक पायाच्या बोटांच्या रेषेत येईपर्यंत पुढे झुकावे आणि उठावे. बसताना तीन अंक मोजत बसावे. गुडघे एकमेकांकडे झुकू देऊ नयेत. आठ-दहा वेळा सहज जमू लागले की गोधडीची एक घडी कमी करावी. दर आठवड्याला एक घडी उतरली तरी सहाव्या आठवड्यात माणूस नुसत्या खुर्चीवर येतो. हा व्यायाम आठवड्यातून तीन-चार दिवस, दहाचे दोन फेरे, मध्ये मिनिटभर थांबून करावा. पलंगावरचे व्यायाम चालूच राहतात.

*आठवडा ७ ते १२, पायरीवर.* कठड्याला धरून सर्वांत खालच्या पायरीवर दुखरा पाय ठेवावा आणि त्याच पायाच्या जोरावर वर यावे. चांगला पाय वर टेकवून पुन्हा सावकाश खाली न्यावा, दुखरा पाय पायरीवरच ठेवावा. इथे हमखास गोंधळ होतो, कारण रोजचा जिना चढताना आधी चांगला पाय टाकायचा असे टप्पा ५ मध्ये सांगितले आहे. रोजच्या जिन्यात दुखऱ्या पायाला वाचवायचे असते, तर या व्यायामात त्यालाच काम द्यायचे असते.

चालणे पहिल्या आठवड्यापासूनच असावे, मात्र तुकड्यांत. सकाळी एका दमात तासभर चालून दिवसभर गुडघा धरून बसण्यापेक्षा दहा-दहा मिनिटे तीन वेळा चालावे आणि दर आठवड्याला प्रत्येक फेरीत एक-दोन मिनिटे वाढवावीत.

*तपासणी: व्यायाम करताना दुखणे दहापैकी चार-पाचपर्यंत गेले तर चालते, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते मूळ पातळीवर आले पाहिजे आणि सूज वाढता कामा नये. तसे झाले नाही तर पुढच्या वेळी संख्या निम्मी करावी. व्यायाम पूर्ण बंद करू नये. पुष्कळांचा सगळा प्रयत्न इथेच मोडतो.*

टप्पा ७: वजन

शरीराचे वजन एक किलोने कमी झाले, तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो. म्हणून पाच किलो उतरले तरी गुडघ्याला ते वीस किलोंसारखे जाणवते. रोजच्या जेवणात भात किंवा पोळी थोडी कमी करून तेवढीच उसळ किंवा डाळ वाढवावी. स्नायू बनायला प्रथिने लागतातच. आंबट, वांगी, बटाटा सोडल्याने झीज थांबत नाही.

टप्पा ८: बाराव्या आठवड्याची फेरतपासणी

वहीचे पहिले पान उघडून तेच चार आकडे पुन्हा घ्यावेत. दुखणे दोन अंकांनी उतरले असेल, खुर्चीची संख्या दोन-तीनने वाढली असेल, तर मार्ग बरोबर आहे. व्यायाम आठवड्यातून तीन दिवसांवर आणून कायम ठेवावेत.

वही प्रामाणिकपणे भरलेली असून आकडे हललेच नाहीत, तर वही घेऊन अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे. सांध्यातील स्टेरॉइडच्या इंजेक्शनाने काही आठवडे आराम मिळतो, पण ते वारंवार घ्यायचे नसते, आणि मधुमेह असलेल्यांची साखर त्यानंतर काही दिवस वाढते. दुर्बिणीतून गुडघा ‘साफ’ करण्याचा सल्ला केवळ झिजेसाठी मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे. रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणे अवघड झाले असेल, तर सांधा बदलण्याचा विचार योग्य ठरतो. तो निर्णय एकट्या एक्स-रेवरून घेऊ नये.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली म्हणून व्यायाम थांबवण्याची चूक मात्र करू नये. टॉवेल गादीत दाबण्याचा आणि ताठ पाय उचलण्याचा व्यायाम आदल्या दिवसापर्यंत चालू ठेवावा, कारण शस्त्रक्रियेनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत फिजिओथेरपिस्ट पलंगाशी येऊन करायला सांगतात तेही हेच असते, आणि तेव्हा तो स्नायू पुन्हा ओळखीचा असलेला बरा.